स्टुटगार्टचा जिना, रिठदची टोपी

परदेशी निघालेल्या माणसाला हल्ली सगळीकडून एकच सल्ला मिळतो : तिथं गेल्यावर तिथल्यासारखं राहा, आपण बाहेरचे आहोत हे कुणाच्या लक्षात येऊ देऊ नका. गळ्यात कॅमेरा नको, भर चौकात नकाशा उघडून उभं राहणं नको, भडक कपडे नकोत, मोठ्यानं बोलणं तर मुळीच नको. यातल्या निम्म्या सूचना खिसेकापूंच्या भीतीतून आलेल्या आहेत, आणि ती भीती खोटी नाही. रोम, पॅरिस, बार्सिलोनाच्या मेट्रोत बावरलेला पाहुणा चोरांना लांबून ओळखू येतो. पण खिसा सांभाळणं वेगळं आणि आपण कोण आहोत ते झाकणं वेगळं. या दोहोंमधली रेघ कुठं मारायची, यावरून रिठदला माझा आणि मामांचा अख्खा दिवस वाद झाला. तो इथं मांडते, कारण हाच वाद आता कितीतरी घरांत बॅगा भरताना होत असणार.

रिठद हे वाशिम जिल्ह्यातलं, रिसोड तालुक्यातलं गाव. सोयाबीन, तूर, हरभरा ही इथली पिकं. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, आता शेती पाहतात. त्यांचा मुलगा, माझा दादा, स्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. सून आणि पाच वर्षांचा नातू तिथंच. हरभरा काढून झाला की निघायचं आणि मृगाच्या आत परत यायचं, असा बेत. शेंगेनचा व्हिसा एका वेळी नव्वद दिवसांवर राहू देत नाही, म्हणजे सरकारनंही पेरणीचा हिशेब जमवून दिला होता. मी कंपनीच्या कामासाठी जर्मनीला जाऊन येऊन असते, म्हणून बॅगा भरायला मला पुण्याहून बोलावलं. मामांची एक लकब सांगून ठेवते : शांत असले की ते पुस्तकातलं मराठी बोलतात आणि तापले की वऱ्हाडी.

ओसरीवर मामीनं सगळं मांडून ठेवलं होतं. ज्वारीचं पीठ, तिखट, हळद, मुगवड्या, पापड, शेंगदाण्याची चटणी, घरचं तूप, पेढे. मी आधी तूप आणि पेढे बाजूला काढले.

"हे काहून काढलं बाप्पा?" मामी म्हणाली. "पोट्ट्याले तूप लय आवडते."

"मामी, दुधाचं आणि मांसाचं काहीही युरोपात बाहेरून सोबत नेता येत नाही. तूप गेलं, पेढे गेले. ताजा कढीपत्ता, भाजी, बियाणंही नको. त्याला रोगमुक्तीचा दाखला लागतो. पीठ, तिखट, पापड खुशाल न्या."

मामांना हे लगेच पटलं. "बरोबर आहे. त्यांच्या गुरांना आपल्या दुधातून लाळ्या-खुरकूत झाला तर तो कोणी निस्तरायचा? शेतकरी माणूस हे समजू शकतो."

मग मी कपड्यांकडं वळले. दोन पँटी, जाड जाकीट, लोकरीची कानटोपी बॅगेत टाकली. पांढरे नेहरू शर्ट, पायजमे आणि इस्त्रीच्या चार गांधी टोप्या खुर्चीवर ठेवल्या. मामांनी एक टोपी उचलली.

"आता ही कोणाच्या गुराले रोग लावते?"

"मामा, रोगाचा प्रश्न नाही. तिथं ही कोणी घालत नाही. बसमध्ये, दुकानात लोक बघत राहतील. देश तसा वेश, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना?"

"शिकवलं. पण वेश कशासाठी बदलायचा? थंडीसाठी असेल तर मी दोन बंड्या घालीन. पावसासाठी असेल तर छत्री घेईन. लाजेसाठी असेल, तर तसं सांग."

मी म्हटलं, लाजेचा नाही, आदराचा भाग आहे. दुसऱ्याच्या घरी गेलो की त्या घराची रीत पाळतो ना आपण? चपला बाहेर काढा म्हटलं की काढतो, का काढायच्या हे विचारत बसत नाही. ज्यांच्या गावात जातो त्यांच्या डोळ्यांना आपण खुपू नये, एवढंच माझं म्हणणं.

"खुपणं आणि दिसणं यांत फरक असतो," मामा म्हणाले. इथं ते पुस्तकी मराठीवर आले, म्हणजे आता धडा सुरू होणार. "कोल्हापूरचे राजाराम महाराज माहीत आहेत तुला? दुसरे राजाराम. 1870 साली इंग्लंडला गेले, राणीला भेटले, परतताना इटलीत फ्लॉरेन्सला 30 नोव्हेंबरला वारले. ऐन विशीत. त्या शहरानं तोवर हिंदूचं दहन पाहिलेलं नव्हतं. महाराजांच्या माणसांनी सांगितलं, आमच्या रीतीनंच होईल. नगरपालिकेनं खास परवानगी दिली आणि आर्नो नदीच्या संगमावर चिता पेटली. आज तिथं महाराजांचं स्मारक आहे, छत्रीखाली अर्धपुतळा आहे. जवळच्या मोठ्या पुलालाही लोक 'त्या हिंदी माणसाचा पूल' अशाच अर्थाच्या नावानं ओळखतात. महाराज तिथल्यासारखे झाले नाहीत. तरी शहरानं त्यांना जागा दिली, आणि दीडशे वर्षं जपलीही."

"ते राजे होते, मामा. सोबत लवाजमा होता, इंग्रज अधिकारी होता. रिठदच्या गुरुजींसाठी कोणती नगरपालिका नियम वाकवेल?"

हा मुद्दा त्यांना लागला. थोडा वेळ ते गप्प राहिले. मामीनं चहा आणला. माझं म्हणणं मला तेव्हाही बरोबर वाटत होतं आणि आजही वाटतं : जगात वेगळं राहण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. राजाचा फेटा हा मान असतो. साध्या माणसाच्या टोपीकडं विमानतळावरचा शिपाई दुसऱ्यांदा बघतो.

"ठीक," मामा म्हणाले. "राजा सोड. आनंदीबाई जोशी तर राणी नव्हती."

आनंदीबाईंबद्दल मामा बोलतात तेव्हा मध्ये बोलू नये, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कित्येक वर्षं त्यांनी वर्गात ती गोष्ट सांगितली आहे. 1883 च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात, बंगालमधल्या, सतरा वर्षांची ती मुलगी उभी राहिली आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन, असं भर सभेत बोलली. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसली. न्यू जर्सीत रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिली, मग फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात गेली. मांस खाल्लं नाही. कुंकू पुसलं नाही. 10 ऑक्टोबर 1885 चा एक फोटो आहे : कॉलेजातल्या तीन परदेशी मुली ओळीनं बसल्या आहेत, एक जपानची केई ओकामी, एक दमास्कसची सबात इस्लामबुली, आणि आनंदीबाई. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात.

"त्या फोटोत कोणी मिसळलेलं नाही," मामा म्हणाले, "आणि तिघींपैकी कोणी परकंही दिसत नाही. त्या कॉलेजच्याच दिसतात. 11 मार्च 1886 ला ती एम.डी. झाली. तिला कोणी म्हटलं नाही की आधी गाऊन घाल, मग पदवी देऊ."

"म्हणणारे होते की. तिथंही होते आणि इथंही होते. आणि मामा, तुम्ही एक गोष्ट सोडली. तिथल्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून तिनं गुजराती पद्धतीनं साडी नेसायला घेतली. म्हणजे ती बदलली."

"थंडीसाठी. मी तेच म्हणत होतो."

"पुरेशी बदलली नाही, असं मला वाटतं. खोलीतली शेगडी धुरायची असं तिच्या चरित्रात येतं. म्हणजे एकतर धूर नाहीतर थंडी. त्यात तिथल्या बाजारात मिळणारं अर्धंअधिक अन्न तिला वर्ज्य. शरीर खंगत गेलं. परत आली ती क्षय घेऊनच, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेली. बावीस वर्षंही पुरी नव्हती. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक तशीच राहिली. तिच्या निश्चयाला मी नमस्कार करते, पण तो निश्चय तिच्या देहानं फेडला."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "तिच्या अस्थी कुठं आहेत माहीत आहे? अमेरिकेत. पकिप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत. कुंकू लावणाऱ्या, मांस न खाणाऱ्या मुलीला त्या ख्रिस्ती घरानं आपल्या माणसांत जागा दिली. तू मिसळणं मिसळणं म्हणतेस, याहून जास्त कोण मिसळलं सांग."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि मी ते शोधलंही नाही. क्षयाचा दोष नुसता साडीला आणि वरणभाताला देता येत नाही. त्या काळी त्या रोगावर औषधच नव्हतं. तिथल्यासारखं खाणारे-पिणारेही त्यानं मरत होते. पण आपला हट्ट आपल्या देहाला किती पेलतो, हे परदेशी जाताना पाहावं लागतं, हे मी सोडणार नाही. मामांना मधुमेह आहे. मार्चमध्ये स्टुटगार्टला सकाळी पाणी गोठतं. पायजमा घालून ते बाहेर पडले असते तर मी भांडलेच असते. ते मात्र त्यांनी न भांडता मान्य केलं : पँट घालीन, बूट घालीन, मोजे दोन घालीन. टोपी खुर्चीवर तशीच राहिली.

दुपारी जेवताना मी खानखोज्यांचं नाव काढलं. पांडुरंग खानखोजे वर्ध्याचे, म्हणजे विदर्भातले, आणि मामांना नाही म्हणता येणार नाही असे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले. पहिल्या महायुद्धात इराणात इराणी होऊन वावरले, तिथलीच भाषा आणि तिथलाच पेहराव. मायदेशाचे दरवाजे बंद झाल्यावर 1924 मध्ये मेक्सिकोला गेले. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या जातींवर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. लग्न एका बेल्जियन बाईशी. दिएगो रिव्हेरानं शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या चित्रात भाकरी वाटायला बसलेला जो माणूस आहे, तो चेहरा खानखोज्यांचा आहे.

"बघा," मी म्हटलं, "वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या भिंतीवर, मेक्सिकोच्या भाकरीच्या चित्रात. मिसळल्याशिवाय हे होतं का?"

मामा हसले. त्यांनी बहुधा वाटच पाहिली होती. "इराणात त्यांनी वेष घेतला तो पकडले जाऊ नये म्हणून. मागावर इंग्रज होते. ते सोंग जिवासाठी होतं, आणि ते संपलं तेव्हा उतरवलं. मेक्सिकोत सोंग कुठं होतं? तिथं त्यांनी मका पेरला. मला सांग, रिव्हेरानं त्यांची टोपी पाहिली की त्यांचं कणीस पाहिलं?"

"स्पॅनिश शिकले ना ते. त्याशिवाय शेतकऱ्याला काय शिकवणार होते?"

"भाषा तर शिकायचीच. भाषा शिकणं म्हणजे वेष घेणं नव्हे, पोरी. ते तर काम आहे."

मामीनं मला आणखी भाकर वाढली आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा वादात पडली. "तुमाले काम काम लागलं. मले सांग बाई, तिथं शेजारपाजार हाय का? म्या दिवसभर करू काय?"

मी तिला केअरवोखबद्दल सांगितलं. स्टुटगार्टच्या भागात, श्वाबिश मुलखात, ही जुनी रीत आहे. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीनं सामाईक जिना, दारापुढचा रस्ता झाडायचा. ज्यांची पाळी असेल त्यांच्या दारावर एक पाटी अडकवतात. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला जाते. पाळी चुकवली की कोणी तोंडावर बोलत नाही, पण जिन्यात भेटल्यावर नमस्कार थंड होतो. दादाच्या बिऱ्हाडाला पाटी येते आणि शनिवारी तो कंटाळत झाडतो.

"एवढंच ना?" मामी म्हणाली. "रोज सडा-सारवण करते मी. तो जिना मी झाडीन. पोट्ट्याले नको सांगू."

माझ्या मते त्या दिवसातली सगळ्यात मोलाची गोष्ट मामी बोलली. गावात मिसळायचं तर गावाचं ओझं उचलावं. पाहुणा म्हणून आलेला माणूस जेव्हा झाडू मागतो तेव्हा तो पाहुणा राहत नाही. त्यासाठी जीन्स घालावी लागत नाही, आणि साडी नेसली म्हणून अडत नाही. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात परत टाकणं, कचरा कागद, प्लास्टिक, ओला, उरलेला असा वेगवेगळ्या डब्यांत घालणं, रस्ता मोकळा असला तरी लाल माणूस हिरवा होईपर्यंत थांबणं, विशेषतः शेजारी लहान मूल उभं असेल तर, हे सगळं त्या झाडूच्याच जातीचं आहे. दवाखान्यात थांबायच्या खोलीत शिरताना अनोळखी माणसांनाही नमस्कार करायचा असतो, हे मी सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "हे तर आपलंच आहे. एसटी स्टँडवर आपण सगळ्यांना राम राम करत होतो, शहरात जाऊन सोडलं."

मग मी माझी रेघ मारली. ज्याचा शेजाऱ्याला उपद्रव होतो ते सगळं तिथल्या रीतीनं करायचं, त्यात हट्ट नाही. ज्याचा नाही ते आपलं, आपल्या मर्जीनं.

"मग टोपी कोणत्या बाजूला?" मामांनी लगेच पकडलं.

"ती नंतर. आधी हरिपाठ."

मामा पहाटे साडेचारला उठून हरिपाठ म्हणतात, आणि हळू म्हणत नाहीत. गजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरपूरला जाताना रिसोडवरून जाते. तिच्यासोबत मामा चालले आहेत, त्यांचा गळा तिथं तयार झालेला. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते. भिंती पातळ असल्या तर वरच्या बिऱ्हाडाला ऐकू जातं. रविवारी तर दिवसभर शांतता. दुकानं बंद, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण त्यांचा आवाज होतो.

इथं मामा तापले. "देवाचं नाव घ्याले मले परवानगी लागन? मी काय चोरी करून रायलो?"

"चोरी नाही. झोप मोडणं आहे."

"त्यायच्या चर्चची घंटा वाजते का नाई रविवारी?"

"वाजते. साडेचारला नाही वाजत."

मामी म्हणाली, "इथंबी लोकायले झोपू देत जा."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, कारण ज्या गोष्टीला ते सगळ्यात आपली मानतात तिच्यावरच माझी रेघ आली होती. टोपीवर भांडणं सोपं असतं. जो माणूस आयुष्यभर मोठ्यानं देवाचं नाव घेत आला त्याला ओठांत म्हण म्हणणं सोपं नाही. शेवटी ते म्हणाले, मनात म्हणीन, सहा वाजले की मोठ्यानं म्हणीन. आणि रविवारी? रविवारी जंगलात फिरायला जाईन, तिथं म्हणीन. तिकडं जंगलात सगळे फिरतात ना? फिरतात, मी म्हटलं. रविवारी तर सगळी म्हातारी मंडळी रानातच असतात.

उन्हं कलली तशी आम्ही ओसरीवरून अंगणात आलो. मामांनी मघाची रेघ पुन्हा उकरली, पण आता दुसऱ्या टोकानं. "आपल्या जिल्ह्यातच बघ," ते म्हणाले. "पोहरादेवी मानोऱ्यात आहे, बंजाऱ्यांची काशी. लमाण बैलांवर माल लादून देशभर फिरले. ज्या मुलखात गेले तिथली बोली शिकले, बाजारात आपल्याशी वऱ्हाडीत बोलतात, व्यवहारात कोणाला परके वाटत नाहीत. तांड्यावर परतले की गोरमाटी. त्यांच्या बायकांनी काचळी-फेटियाचा पोशाख किती पिढ्या सांभाळला! बाजारातलं बाजारात, तांड्यातलं तांड्यात. हे लोक जन्मभर प्रवासीच होते. प्रवास कसा करावा हे टूर कंपनीनं त्यांच्याकडून शिकावं."

मी त्यांना कोकणातल्या बेने इस्रायलींची आठवण करून दिली. अलिबागकडच्या या यहुद्यांनी मराठी घरात आणली, गावांवरून आडनावं घेतली, बायका साडी नेसू लागल्या, घाण्यावर तेल काढायचा धंदा धरला. सगळं कोकणी झालं. फक्त शनिवारी घाणा बंद. लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. शेकडो वर्षं एका दिवसावर त्यांनी आपण कोण ते धरून ठेवलं. 1948 नंतर पुष्कळ जण इस्रायलला गेले आणि तिथं मराठी घेऊन गेले.

"म्हणजे सगळं द्यायचं आणि एक दिवस ठेवायचा," मामा म्हणाले.

"सगळं ठेवायचं आणि एक द्यायचं, असं तुमचं आहे."

ते हसले, पण मी गंभीरपणे म्हटलं होतं. आमच्यातला खरा फरक तोच होता, आणि तो तसाच राहिला.

वेगळं दिसण्याची एक काळी बाजूही आहे आणि ती मामीसमोर सांगावी की नाही, असं मला झालं होतं. पण तिनंच विचारलं, "कुंकवाचं काय? सूनबाई म्हणे, टिकली लहान लावा." मग मी सांगितलं. 1987 मध्ये न्यू जर्सीत, जर्सी सिटीच्या आसपास, डॉटबस्टर्स नावाची टोळी उभी राहिली. बायकांच्या कपाळावरची टिकली ही त्यांच्या द्वेषाची खूण. हिंदी लोकांवर हल्ले झाले, एका तरुणाला तर इतकं मारलं की तो वाचला नाही. तेव्हा कितीतरी बायकांनी बाहेर पडताना टिकली काढली. आनंदीबाई ज्या राज्यात कुंकू लावून राहिली, त्याच राज्यात शंभर वर्षांनी.

"भ्यायल्या त्या, पण चुकल्या नाई," मामी म्हणाली. "जीव पहिला." मग स्वतःच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "पण भ्याले कोणी सांगू नये. ज्याचं त्यानं ठरवावं."

मिसळण्याचा सल्ला ज्यांनी पहिल्यांदा दिला त्यांना बूट आणि जाकीट बदलून भागत होतं. अमेरिकन माणूस बर्लिनमध्ये पांढरे बूट काढून ठेवतो आणि गर्दीत विरतो. आपला रंग आणि चेहरा बॅगेत ठेवता येत नाही. त्यामुळं आपल्या माणसानं कपडे बदलले तरी तो बाहेरचाच दिसणार, मग ओढून-ताणून कशाला, हा मामांचा मुद्दा मला नाकारता येत नाही. आणि बाहेरचा म्हणजे तरी कोणाच्या बाहेरचा? स्टुटगार्टला मोटारींच्या कारखान्यांसाठी 1955 नंतर इटलीतून, 1961 नंतर तुर्कस्तानातून कामगार आणले. आज त्या शहरातले दर दहांत चाराहून जास्त लोक एकतर बाहेरून आलेले किंवा आलेल्यांची मुलं आहेत. ट्रॅममध्ये डोक्याला रुमाल बांधलेली तुर्की आजी, ग्रीक आजोबा, आफ्रिकन मुलगा, सगळे एका बाकावर असतात. 1968 पासून ते शहर मुंबईचं भगिनी शहर आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आपली आणखी पोरं जाणार आहेत. त्यांचे आईवडील पाठोपाठ जाणार आहेत. तिथले स्थानिक कोण, याचं उत्तरच बदलत चाललं आहे.

"मग तर टोपीची एक जागा त्या बाकावर आहेच," मामा म्हणाले आणि उठून टोपी बॅगेत ठेवायला निघाले.

तेव्हा मला सांगावंच लागलं. टोपी मी स्वतःच्या डोक्यानं बाजूला काढली नव्हती. दादाचा फोन आला होता. नातवानं त्याला म्हटलं होतं की आजोबा बालवाडीत न्यायला आले तर ती टोपी घालून येऊ नये.

मामा दारातच थांबले. मामीनं हातातलं सूप खाली ठेवलं. इतका वेळ आम्ही राजांबद्दल, क्रांतिकारकांबद्दल, लमाणांबद्दल बोलत होतो, आणि प्रश्न पाच वर्षांच्या मुलाचा होता. नव्वद दिवसांनी मामा रिठदला परतणार. नातू तिथंच राहणार, त्याच मुलांमध्ये.

"त्याले हसतात का तिथं?" मामांनी विचारलं.

"माहीत नाही. दादालाही माहीत नाही. नुसतं म्हणाला, एवढंच."

"मंग त्यालेच इचारा ना," मामी म्हणाली. "त्याच्या बापाले काय इचारता?"

मामा खुर्चीवर बसले. "त्याला नको असेल तर फाटकाजवळ टोपी खिशात ठेवीन. त्याचं गाव आहे ते, माझं नाही. पण त्याला नको का वाटते, हे मला कळलं पाहिजे. कोणी चिडवत असेल तर त्याच्या बाईंशी बोलीन. तू मला जर्मनमध्ये लिहून दे, मी पाठ करतो. शाळेतलं पोर पोशाखावरून रडत घरी गेलं तर शिक्षकानं काय करायचं असतं, हे मला नीट माहीत आहे."

"मामा, तिथं शिक्षकांना असं जाऊन भेटता येत नाही. आधी वेळ घ्यावी लागते."

"मग घे वेळ," मामा म्हणाले. "पाच मिनिटं आधी जाऊन बसतो."